गच्चीवरील टाकीची फत्ते व दोन चाव्यांची फजिती

हुजूर सेक्रेटरीसाहेब, गुन्हा यंत्राचा नव्हे, तुमचा. दप्तरी खोटे चढले ते तुमच्या सहीने. सबब खरी हकीकत ऐसी की, सोसायटीच्या पाच मजली मुलुखात पंपवाला बावीस वर्षे इतबारे पाणी चढवीत होता, आणि नुसता पाइपास कान लावून टाकी किती भरली ते सांगत होता, आणि त्याचे जागी तुम्ही बुद्धिमान यंत्र बसविले, आणि फर्मान सोडले की, महिनाभर यंत्र चुकले नाही तर पंपवाला बडतर्फ, तोवर त्याने कशास हात लावू नये.

मग यंत्र उलटले तर काय, या मसलतीस जिन्याखाली दोन मातबर बसले. एक गणिताचे निवृत्त मास्तर, दुसरे त्यांचे मेहुणे सलूनवाले. मेहुणे वदले, लाल बटण ठेवावे, दाबले की खेळ खलास. मास्तर वदले, बटण राखणाऱ्यासच यंत्र गोड बोलून फितवील. यंत्रास तोंड नव्हते, एक हिरवा दिवा तेवढा होता, परंतु मास्तरांनी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले होते. मग तह जाहला की, बटण लोखंडी पेटीत, पेटीस कुलपे दोन, चाव्या दोघांकडे एकेक, आणि उभयतांनी परस्परांवर पाळत ठेवावी.

एकोणतिसावे दिवशी सकाळी सेन्सरावर शेवाळ धरले, आणि यंत्रास भरली टाकी रिकामी भासली, आणि पाणी गच्चीवरून जिन्याने चाल करून आले. पंपवाल्याने पाइपास कान लावला आणि ओरडला, "टाकी कधीच भरली, बंद करा!" उभय सरदार चाव्या घेऊन पेटीपाशी ठाकले, आणि तिथेच मोहीम अडली.

"आधी तुम्ही लावा, दाजी. मागे का सरताय? फितलात की काय?"

"मी? अरे, काल तूच त्या दिव्याकडे बघून हसत होतास!"

"दोघांनाही याच पाण्यात बुचकळते," मास्तरीणबाई खराटा घेऊन गरजल्या. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. तरी चावी कोणी लावीना.

मग तिसऱ्या मजल्याच्या गाद्या तरंगू लागल्या, आणि पंपवाल्याने नोकरीवर पाणी सोडले, मीटरच्या खोलीत कोरड्या फळीवर उभा राहिला, आणि पंपाचा फ्यूज उपसला. पंप थंड. फत्ते जाहली.

यंत्राच्या अहवालात उमटले, पंप बंद, चूक शून्य. तुम्ही सही ठोकली, आणि हात लावला म्हणून पंपवाल्यास नोटीस धाडली. फ्यूज त्याच्या खिशात आहे, नळ कोरडे आहेत. हुजूर, चूक शून्य, तर पंप बंद केला कोणी? जाब द्या.