तव्याच्या आत नाव

आमच्या दुधाच्या पातेल्याच्या तळाशी, बरोबर मध्यभागी, एक काळा डाग आहे. रुपयाच्या नाण्याएवढा. कडा इतकी गोल, की कंपासनं काढावी. ज्योत जिथे लागते तिथेच तो पडलाय. म्हणजे दोष भांड्याचा, माझा नाही, असं माझं शास्त्रीय मत होतं.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत माझ्या हातून आजवर एक परीक्षानळी फुटलेली नाही! घरी मात्र गॅसवर काही चढवलं, की मी पेपर तपासायला बसते. मग शेजारच्या माणिकताई खिडकीतून हाक मारतात, "वसुधा, आज काय जाळलंस गं?" अॅल्युमिनियमची पातेली वाकडी झाली, स्टीलची काळी. कथिल लवकर वितळतं हे मी मुलींना फळ्यावर शिकवते. घरी पितळेचं रिकामं पातेलं गॅसवर विसरून, कल्हईचे थेंब पाडून ते सिद्धही केलं!

या घरात टिकेल असं एकच भांडं होतं: सासूबाईंचा बिडाचा तवा. कितीही तापवा, ढिम्म! पण सासूबाई दर मे महिन्यात तो देवगडहून घावण्यांसाठी आणायच्या आणि जाताना पिशवीत घालून परत न्यायच्या. "आई, ठेव ना इथेच," असं नंदकुमार, म्हणजे आमचे हे, दरवर्षी म्हणायचे. "बघतंय," एवढंच उत्तर.

माझ्या हातात भांडं टिकतं हे एकदा दिसलं, की तवा राहील. म्हणून यंदा सासूबाई आल्या तशी मी जाहीर केलं, "न जळणारा तवा आणते. नॉनस्टिक! एकदाच घ्यायचा, जन्मभर वापरायचा."

माणिकताईंना घेऊन बाजारात गेले. तवा झकास होता. आतून काळाभोर, बाहेरून चकचकीत नारिंगी. त्याला काही का चिकटत नाही, हे मी माणिकताईंना रेणूंपासून समजावत होते, तेवढ्यात दुकानदारानं नेहमीप्रमाणे विचारलं, "बेन, नाव काय घालू?"

"वसुधा नंदकुमार राणे," मी सवयीनं सांगितलं आणि पुन्हा रेणूंकडे वळले. मागे मशीन घुर्रघुर्र करत होतं. तवा वर्तमानपत्रात गुंडाळून हातात आला.

घरी कागद सोडला. काळ्याभोर तव्याच्या आत, मधोमध, पांढऱ्या वळणदार अक्षरांत माझं पूर्ण नाव!

मी तशीच तवा घेऊन परत गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "बाहेर नवा रंग खराब झाला असता ना, बेन! आत बघा, कसं ठळक दिसतं!"

"गं बाई, नाव भायर घालतत! पोटात न्हय!" घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या.

"रेषा फार बारीक आहेत," मी ठामपणे म्हटलं. "काही फरक पडणार नाही."

नव्या तव्यावर घावण्याचं पीठ ओतलं. कडा सुरेख सुटल्या. मधलं मात्र हलेना! उलथन्यानं ओढलं, तर घावणं आलं, पण अक्षरांपुरतं पीठ तव्यालाच राहिलं. ह्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"वसुधा, आडनाव स्पष्ट आलंय गं!"

"माका सुनेचा नाव खावचा नाय," सासूबाईंनी ताट सरकवलं. "नंदू, तू घाल घावणे."

ह्यांनी बिडाचा तवा चढवला, कांद्याच्या फोडीनं तेल फिरवलं. तवाभर जाळीदार घावणं अलगद सुटलं. माणिकताईंनी खिडकीतूनच ताटली पुढे केली.

सासूबाईंनी आणखी एक मागून घेतलं. निघायच्या सकाळी त्यांची तव्याची पिशवी रिकामीच होती. तवा त्यांच्या मांडीवर, तेल लावलेला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे.

"वसुधा, तवो हयच रवतलो."

मी नमस्काराला वाकले.

"थांब गे. तो नंदूचो. आजपासून रांधतलो तो. तू आपले पेपर तपास!"