आंधी शंका, मंग रामराम

दिग्रसच्या कापूस बाजारातले एक जुने अडते वारले. त्यांच्या तेरवीला फोटोला हार घालून आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. भजनवाल्यांनी टाळ ठेवले, कोणीतरी दोन शब्द बोलायला उभं राहिलं, आणि थोरल्या मुलाच्या खिशातून कुत्रं भुंकलं. साधंसुधं नव्हे, शेतात शिरलेल्या रानडुकरावर भुंकावं तसं, पार पोटातून. बिचाऱ्याने खिसा दाबला, मांडीखाली फोन घातला, कुत्रं थांबेना. मागून एक सडपातळ, चष्मेवाला माणूस लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत पुढे आला, थोरल्याच्या कानाशी वाकला आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "दाबू नका भाऊ. वीजबिलाच्या नावानं चोर आला हाय."

तिथून पुढे ती तेरवी अडत्यांची राहिली नाही. देवानंद राठोडची झाली.

हा देवानंद आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहतो. दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यातला. यवतमाळला इंजिनिअर झाला आणि पुण्याला नोकरीला लागला. काम काय, तर परदेशी कंपन्यांच्या संगणकांवर कोणी चोर चढत नाही ना, हे पडद्यासमोर बसून पाहत राहायचं. "जागल्या होतो सर," तो सांगतो, "फक्त डिग्रीवाला." मग कंपनीने जागल्याच्या जागी यंत्र बसवायचं ठरवलं. त्या यंत्राला कोणता चोर कसा ओळखायचा हे शिकवायचं काम देवानंदलाच दिलं. त्याने ते मन लावून केलं. यंत्र हुशार निघालं आणि देवानंद दिग्रसला परत आला.

आल्या दिवशी त्याने माझ्याकडे घरमालक असल्याचा पुरावा मागितला. भाडेकरूने घरमालकाकडे. मी हसलो, तर हा गंभीर. म्हणे, "सर, आंधी शंका, मंग रामराम." हे त्याचं पेटंट वाक्य. मी घरपट्टीची पावती दाखवली तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि माझ्या बायकोकडे पहिली मागणी केली ती टिकलीची. संगणकाच्या वरच्या काठाला जो बारीक डोळा असतो, त्यावर लावायला. गेली तीन वर्षं आमच्या घरातली टिकल्यांची पाकिटं अर्धी कपाळाला आणि अर्धी माडीवर जातात. बायको म्हणते, "त्याच्या कंप्युटरचं लवकर लगन करून द्या."

तिचा त्याच्यावर जीव, पण तिलाही त्याने सोडलं नाही. एका दुपारी तिच्या फोनवर निरोप आला, अभिनंदन, तुम्हाला पैठणी लागली आहे, इथे दाबा. तिने दाबलं. लगेच जिना वाजला आणि देवानंद दारात उभा, चेहरा मयतीला भेटायला आलेल्या पाहुण्यासारखा. "काकू, आता मी चोर असतो तं?" निरोप त्यानेच पाठवला होता, परीक्षा घ्यायला. बायकोने त्याला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "साडी आनली काय?"

पुढच्या रविवारी त्याला साडी आणावी लागली. परीक्षा घेणं त्याने मग बंद केलं.

तर ते कुत्रं. देवानंदने स्वतःच्या डोक्याने एक हत्यार बनवलं होतं. फोनमध्ये घालून ठेवायचं, फसवा निरोप आला की ते ओळखतं. नाव ठेवलं 'राखण'. मी म्हटलं, बाबा रे, बाकीच्यांची असली हत्यारं लाल अक्षरांत इशारा देतात, तुझं भुंकतं काहून? तर म्हणाला, "लाल अक्षर वाचते कोन, सर? आमच्या तांड्यात फोन एकाचा, वाचनारा दुसरा, अन् बटन दाबनारा तिसराच. कुत्रं भुकलं का तिघंही थांबतेत."

मला पटलं. पहिल्या हंगामात गावालाही पटलं. जिनिंगवाल्यांनी घेतलं, दुकानदारांनी घेतलं, बँकेसमोरच्या रांगेत फोन भुंकू लागले आणि खरी कुत्री गोंधळून गल्ली सोडून गेली. देवानंद बाजारातून चालला की लोक हात दाखवायचे. तेवढे चार महिने मी त्याला ताठ मानेने चालताना पाहिलं.

मग लग्नसराई आली. आपल्याकडे आता पत्रिका घेऊन कोण फिरतं? सगळ्या फोनवर येतात. आणि नेमक्या पत्रिकेच्याच नावाने चोरांच्याही फायली येतात. उघडली की फोन त्यांच्या ताब्यात. राखण बिचारी काय करणार, ती प्रत्येक पत्रिकेवर भुंकायला लागली. सख्ख्या भाच्याच्या पत्रिकेवर भुंकली. जावयाच्या बहिणीच्या पत्रिकेवर भुंकली. लोकांनी घाबरून पत्रिका पुसल्या आणि लग्नं चुकली. आपल्याकडे पैसे बुडाले तर माणूस विसरतो, पण लग्नाला आला नाही हे तीन पिढ्या लक्षात राहतं. एका मामाने रुसून अहेर परत पाठवला. बाजारात देवानंदला अडवून लोक विचारायला लागले, कायले आमची सोयरीक तोडून राह्यला बे? पावसाळ्याच्या तोंडाला राखण गावातल्या जवळजवळ सगळ्या फोनांतून गेली. उरली ती आमच्याकडे, कारण भाडेकरूला वाईट वाटेल, आणि तांड्यात त्याच्या आईकडे.

मी म्हटलं, जरा ढिली कर ना तिला. तो नुसता मान हलवत राहिला.

नोकरीचं म्हणाल तर तो रोज अर्ज करायचा. या धंद्यात शिरायला म्हणे अमुक परीक्षेचा कागद लागतो. त्या परीक्षेची फी अशी, की ती भरायला आधी नोकरी पाहिजे. कोणी म्हणे अनुभव जुना झाला, कोणी म्हणे वय. खरे कोणी नोकरी द्यायला तयार नव्हते, खोटे मात्र रोज तयार असत. घरबसल्या कमवा, फक्त आधी हमी भरा. त्या सगळ्यांवर राखण भुंके आणि देवानंद एकेक निरोप पुसून टाके. हळूहळू त्याने दाढी करणं सोडलं. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणायचा.

आणि अशात एक खरा निरोप आला. बंगळुरूची कंपनी, मुलाखत, पडद्यावर. राखणीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. आमच्या पुढच्या खोलीत नेट चांगलं येतं म्हणून बैठक तिथे. बायकोने सोफ्यावरची चादर बदलली. देवानंद इस्त्रीचा शर्ट घालून बसला. मला त्याने पडद्यात दिसणार नाही असं बाजूला बसवलं, धीर म्हणून. वेळ झाली, कंपनीकडून आत यायची लिंक आली, आणि राखण भुंकली.

देवानंदने हात मागे घेतला.

मी हात जोडले. म्हटलं, अरे कंपनी खरी आहे, सकाळी तूच त्यांच्या बाईंशी फोनवर बोललास. तो ऐकेना. त्याने त्या बाईंना फोन लावला आणि विचारलं, तुम्ही तुम्हीच आहात कशावरून. माझ्या अर्जात छंद काय लिहिला आहे ते सांगा. मी कपाळाला हात लावला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला आणि त्या बाई म्हणाल्या, "शंका घेणे." मग त्या जोरात हसल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत आम्हालाच ओळख विचारणारा तुम्ही पहिलाच.

टिकली निघाली. मुलाखत अशी रंगली की काय सांगू. हिंदीत चाललेली, मला निम्मी कळली नाही, पण देवानंदची पाठ सरळ होत गेली ती दिसत होती. बाई मध्येच कोणालातरी बोलावून म्हणाल्या, हे ऐका. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं, माणूसही हवा आहे आणि हत्यारही. एकच गोष्ट. ते फार भुंकतं. भुंकणं निम्म्याने कमी करायचं, गिऱ्हाईक वैतागतं.

"मंग जे सुटतीन त्याइचं?" देवानंद हिंदी विसरला. मग भानावर येऊन त्याने हिंदीत विचारलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, थोडे सुटणार. ते सगळेच धरून चालतात. नुकसान झालं तर भरून देता येतं.

मी टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हण आणि पुढे काय करायचं ते कर, साऱ्या जगाची हीच रीत.

देवानंद बोलायला लागला. त्याचे वडील नागपूरला दवाखान्यात होते, आई तांड्यात शेताकडे. दोघांनाही लिहिता येत नाही. म्हणून म्हातारा रोज फोनमध्ये बोलून पाठवायचा, बैल पाण्यावर नेले का, तू जेवलीस का. तो तिथेच गेला. पुढे आई रोज ते ऐकायची. मग एक पत्रिकेची फाइल आली, तिने उघडली, खात्यातले पैसे गेले, फोन बिघडला. देवानंद पुण्यात परक्या कंपन्यांची राखण करत होता, त्याला फुरसत नव्हती. त्याने फोनवरूनच दुकानदाराला सांगितलं, सगळं पुसून कोरा करून दे.

"पैसे आले वापस, मॅडम," तो म्हणाला. "आवाज नाही आला."

 पडद्यावरच्या बाईंनी फार आपुलकीने पुन्हा विचारलं, कमी कराल का. देवानंदने नाही म्हटलं. दोन दिवसांनी नकार आला. राखण त्याच्यावर भुंकली नाही, तो खरा होता.

त्या दिवशी संध्याकाळी बायकोने पातोडीची भाजी आणि भाकरी वाढून ताट माझ्या हाती दिलं. म्हणाली, तो खाली येनार नाही, तुम्हीच जा, अन् भाषण देऊ नका. जिना चढतो तर वरून म्हाताऱ्या माणसाचा आवाज. जाड, घसा खाकरत बोलणारा, कोणालातरी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत दटावणारा. मला ती बोली येत नाही. देवानंदकडे तांड्यातलं कोणी आलं वाटतं, असं समजून मी दार लोटलं.

खोलीत देवानंद एकटाच होता. खाटेवर भिंतीला टेकून, डोळे मिटून, फोन कानाला. आवाज त्याचाच होता. आईशी बोलताना तो दर वाक्याला याडी, म्हणजे आई, म्हणतो, तेवढी बोली मला येते. त्यात एकदाही याडी नव्हती.

माझी चाहूल लागूनही तो थांबला नाही. बोलणं पुरं केलं, फोन ठेवला, ताट घेतलं. मग खाली पाहत म्हणाला, "तिले माहीत हाय, सर, मीच हाय म्हनून. थेच म्हनते, दोन मिनिटं बापासारखा बोल." भाकरीचा तुकडा मोडून त्याने तसाच ताटात ठेवला. "दुसऱ्याचा आवाज काढून फोनवर बोलनारे धरत होतो मी जिंदगीभर. रोज मीच करून राह्यलो."

गावभर बोलणारा मी. नुसतं ताट त्याच्याकडे सरकवलं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्याने पाहिलं, आईचाच.

"ठेवून दे," मी म्हटलं, "जेव आधी."

"नाही जी. त्याले रागवायचं राह्यलं असन तिचं."

त्याने घसा खाकरला. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.