चव्वेचाळीस कलमांचं एक पान

मोटारीचा विमा मुदतीपूर्वी रद्द करावा, हा निर्णय आमच्या घरात पूर्ण विचारांती आणि एकमताने झाला. एकमताने म्हणजे बायकोच्या. आदल्या रविवारी मी गाडी मागे घेत होतो आणि ती बाहेर उभी राहून "या, या, या" म्हणत होती. मग ती ओरडली, "अहो, भिंत!" मी म्हणालो, "कुठे?" त्यावर गाडीनेच उत्तर दिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं आणि पेशा विचारला. मी मुद्रितशोधक, म्हणजे मजकूर छापण्याआधी त्यातल्या चुका शोधणारा माणूस. एकाच छापखान्यात एकतीस वर्षं काढून नुकताच घरी बसलोय. "मोतीबिंदू वयामुळे झालाय," डॉक्टर म्हणाले, "बाकीचं नुकसान तुमचं स्वतःचं." त्यांच्याकडे दोन लेन्स होत्या. साधीने लांबचं लख्ख दिसणार होतं. वाचायला मात्र चष्मा, आणि तोही माझ्या डोळ्यांना कितपत साथ देईल, याची खात्री नव्हती. महागडीने वाचता येणार होतं.

मला वाचायचं होतं. दुसरं काही नको होतं.

गाडी एका दंतवैद्याने घेतली. त्या पैशांत ऑपरेशन बसत होतं, पण महागडी लेन्स बसत नव्हती. विम्याचे सात महिने मात्र शिल्लक होते. त्यांचा परतावा मिळाला की लेन्सचा फरक निघत होता, ही बेरीज बायकोने पाकिटाच्या मागे करून दाखवली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिची बेरीज चुकत नाही, फार तर जग चुकतं.

विमा कंपनीच्या कचेरीत आमची गाठ एका अत्यंत हसतमुख साहेबांशी पडली. त्यांच्या टेबलावर पेन दोरीने बांधलेलं होतं आणि कॅलक्युलेटर मोकळा होता.

"सात महिन्यांचे पैसे परत मिळतील ना?" मी विचारलं.

"पूर्ण मिळतील," साहेब म्हणाले. "फक्त त्यातून थोडी वजावट होईल."

पहिलं रद्द करण्याचं शुल्क. ते मी समजू शकलो. दुसरं पॉलिसी उघडण्याचं. ते मला सुरुवातीला माफ झालं होतं, पण मी पॉलिसी बंद करणार नाही या समजुतीवर. आता बंद करतोय म्हटल्यावर माफीही रद्द झाली. तिसऱ्याचं नाव होतं 'बसून राहिल्याचं शुल्क'.

"हे काय असतं?" बायकोने विचारलं.

"तुमच्या मिस्टरांनी एकदाही क्लेम केलेला नाही."

"एकदाही नाही," मी ताठ बसत म्हणालो.

"तेच ना. आमचा क्लेम विभाग पाच महिने तुमच्यासाठी नुसता बसून राहिला. पंखे चालू होते, चहा चालू होता."

"आम्ही भिंतीला धडकलो होतो," बायको घाईने म्हणाली. "ते सांगितलं असतं तर?"

"तर हे शुल्क लागलं नसतं, मॅडम. क्लेमचं लागलं असतं."

चौथं जोखीम-साठवण शुल्क. साहेबांनी ते फार आपुलकीने समजावलं. कंपनीने माझी बारा महिन्यांची जोखीम उचलली होती. मी पाचच महिने वापरली. उरलेली सात महिन्यांची कोरी करकरीत जोखीम आता कंपनीच्या गळ्यात पडली होती, आणि कंपनीने ती ठेवायची कुठे? जागेला भाडं पडतं.

बायकोने पाकीट उलटून बेरीज पुसली आणि नव्याने मांडली. "म्हणजे आता आम्हीच तुम्हाला पैसे द्यायचे?"

"मॅडमचं गणित छान आहे," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "मग द्या तो रद्द करण्याचा अर्ज परत. विमा चालू राहू दे."

साहेबांचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. "कसा राहील? गाडी विकल्याचं तुम्ही लेखी दिलंय. नसलेल्या गाडीचा विमा चालू ठेवणं म्हणजे कंपनीची फसवणूक. त्याचा दंड या सगळ्यापेक्षा मोठा आहे. माझं ऐका, एखादी गाडी घेऊन टाका. ते दंतवैद्य परत देतात का, बघा."

"पण हे सगळं लिहिलंय कुठे?" मी टेबलावर हात आपटला.

साहेबांनी शांतपणे माझी पॉलिसी उलटी केली. मागची बाजू मला करड्या रंगाने रंगवल्यासारखी दिसली. "कलम चव्वेचाळीस," ते म्हणाले आणि खणातून एक भिंग काढलं. त्यालाही दोरी होती. "पहिली दोन मिनिटं मोफत."

भिंगाखाली कलम आलं आणि मी गारच पडलो. मजकुरामुळे नव्हे, ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं. पानाच्या तळाशी आमच्या छापखान्याचं नाव होतं.

बारा वर्षांपूर्वी या कंपनीच्या अटी आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांची अकरा पानं होत होती. "एका पानात बसवा," अशी कंपनीची इच्छा होती. मालकांनी हात टेकले, पण मी ते काम मागून घेतलं. समास कापले, ओळी एकमेकींच्या अंगावर आणल्या, अक्षर उतरवत उतरवत वर्तमानपत्राच्या निम्म्यावर नेलं. आठ दिवसांनी चव्वेचाळीस कलमं एका पानाच्या एका बाजूला बसली. मालकांनी मला घड्याळ दिलं. ते अजून आमच्या भिंतीवर आहे, म्हणजे गाडी जिला धडकली त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला. त्यानंतर कंपन्यांची रांग लागली: बँका, इस्पितळं, टेलिफोनवाले. मी सगळ्यांना एकेका पानात बसवलं आणि माझे डोळे तिथेच ठेवून घरी आलो.

चव्वेचाळिसावं कलम मी नक्की वाचलं होतं, तेही अकरा वेळा. त्यात नऊ चुका काढल्या होत्या. अर्थ मात्र पाहिला नव्हता. आमच्या धंद्यात जो अर्थात शिरतो, त्याच्या हातून चुका सुटतात.

"हे पान मी केलंय," मी म्हणालो. मला लाज वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही.

साहेब खुर्चीतून उठले. "तुम्ही? अहो, आम्हाला प्रशिक्षणात हे पान दाखवतात! बारा वर्षांत एकही ग्राहक शेवटपर्यंत पोचलेला नाही." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग त्यांचा चेहरा पडला आणि ते हळूच खाली बसले.

"काय झालं?"

"एक अडचण आहे. अटी न वाचता सही करणाऱ्याला आम्ही एकूण रकमेत चाळीस टक्के सूट देतो. सगळ्यांनाच मिळते. पण तुम्ही तर वाचलंय."

"अकरा वेळा," बायको थंडपणे म्हणाली.

मी हिशेबाच्या कागदावर सही केली. 'वरील सर्व मजकूर वाचला व समजला,' असं त्यावर लिहिलेलं होतं, असं साहेब म्हणाले.

डोळ्यांत साधी लेन्स बसली. ऑपरेशन उत्तम झालं. आता गच्चीतून मला रस्त्याच्या टोकाला वळणाऱ्या दंतवैद्याच्या गाडीचा नंबर दिसतो. गाडी मी झकास चालवू शकेन. चष्मा लावला तरी हातातलं वर्तमानपत्र मात्र करडं दिसतं. बायको ते वाचून दाखवते आणि तिला कंटाळा आला की मधलं गाळते. मला फार वाईट वाटतं, पण तिला सांगत नाही. परवा साहेबांचा फोन आला होता. आता दिसायला लागलंय, तर नवी गाडी कधी घेताय, म्हणून.

तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा. तुमच्या कपाटात, वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत असं एक पान आहे. ते देणाऱ्याचा चेहरा तुम्हाला आठवेल, पेनाची दोरीही आठवेल. पान उलटल्याचं आठवणार नाही. पुढच्या बाजूची सही तुमची आहे. मागची बाजू मी केली आहे.