पेटी हवी, जुनी चालेल

जाहिरात लिहावी तर मीच! सगळं ठाणं हे मानत नसेल, पण मी मानतो. शब्द कमी, परिणाम जास्त, हा माझा खाक्या. आमचं संगीत संशोधन ग्रंथालय टेंभी नाक्याजवळ, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत. मी तिथला मानद चिटणीस, म्हणजे केर काढण्यापासून भाषण करण्यापर्यंत सगळं. अण्णा अध्यक्ष, म्हणजे खुर्चीत.

सत्त्याऐंशी साली आम्हाला घबाड मिळालं! चेंदणी कोळीवाड्यातल्या हौसाबाईंनी आपल्या दिवंगत नवऱ्याचे, धाकूबांचे, कागद ग्रंथालयाला दिले. धाकूबा भजनी मंडळाचे पेटीवाले. भजनं, लग्नातली गाणी, नारळी पुनवेची गाणी, जी चाल कानावर पडेल तिचे सूर त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर उतरवून ठेवलेले. अण्णांनी पहिला कागद पाहिला आणि डोळ्यांना लावला. "हे आणखी कुठेही नाही हो!" ते म्हणाले.

देताना हौसाबाईंनी एकच गोष्ट बजावली होती. "कागद न्या. पन त्यांची पेटी मागू नका. ती माज्या घरान ऱ्हाईल."

आम्ही कशाला मागतोय! पण आमच्या खोलीत ओल आणि उंदीर दोन्ही मुक्कामाला. महिनाभरात एका उंदरानं अख्खा फाल्गुन कुरतडला! आणि हौसाबाई नेमक्या त्याच दिवशी बघायला आल्या.

"कनाला दिले मी तुमाला? आईतवारपरेंत नीट ठेवा. नायतर परत नेतंव!"

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. उपाय एकच, झाकणाची भक्कम पेटी. अण्णांनी साप्ताहिकासाठी मजकूर लिहिला, 'कागदपत्रे ठेवण्यासाठी लोखंडी पेटी हवी आहे.'

मी म्हटलं, "अण्णा, पेटी काय मातीची असते? आणि पेटीत कागद नाही ठेवायचे तर काय भाकरी?" मग खोडाखोड करून मी मजकूर सुटसुटीत केला. 'पेटी हवी. जुनी चालेल. संगीत संशोधन ग्रंथालय.'

शुक्रवारी साप्ताहिक निघालं. शनिवारी सकाळीच कोपरचे परशुराम मास्तर दारात. मागे हमाल. हमालाच्या डोक्यावर हार्मोनियम!

"वडिलांची आहे," मास्तर म्हणाले. डोळ्यांत पाणी. "घरात कुणालाच नको होती. तुम्ही मागितलीत, देवच पावला!"

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणणार? मी "वा, वा!" म्हणालो. मास्तरांनी तिथेच मांडी ठोकून वाजवायला घेतली. तेवढ्यात खाली टेम्पो थांबला. शहाडचं एक भजनी मंडळ टाळ कुटत जिना चढलं आणि पुढे हार घातलेली पेटी! त्यांच्यामागे आणखी एक जण, त्याच्यामागे आणखी एक. दुपारपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आणि देणारा प्रत्येक जण वाजवून दाखवणारच! काळी दोन, पांढरी चार, सगळं एकदम!

गिरणीवाला सखाराम वर आला. "साहेब, माझी गिरणी बरी. एका सुरात तरी चालते!"

पण माझ्या जाहिरातीतली पेटी बाजाची नाही, हे कळलं ते फक्त त्यालाच. संध्याकाळी त्यानं पेटी आणून दिली. आंब्याची! गवतासकट! उंदरांच्या गादीची सोय झाली.

रविवारी हौसाबाई आल्या. मी धाकूबांचे कागद पोटाशी धरून उभा, कारण ठेवायला जागाच नव्हती. पण त्या कागदांकडे बघेनातच. डोक्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ओझं होतं, ते त्यांनी सावकाश खाली उतरवलं.

"पोरानं वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "पेटी हवी, जुनी चालेल. मी बोललेले ना, मागू नका? रातभर झोप नाय. मंग म्हटला, कागद हितं आन पेटी तितं, त्यांना तरी बरा वाटल का? घ्या."

लुगड्यातून धाकूबांची पेटी निघाली. पट्ट्या बोटांनी झिजलेल्या. हौसाबाईंचा हात काही तिच्यावरून निघेना.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी," मी कसाबसा म्हणालो, "आम्हाला ट्रंक हवी होती हो! कागद ठेवायला. पत्र्याची ट्रंक!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या सगळ्या हार्मोनियमांकडे. मग आंब्याच्या पेटीकडे. आणि अशा हसत सुटल्या की अण्णांना पाण्याचा तांब्या आणावा लागला!

"मंग ट्रंक बोलाचा ना रं मेल्या!" आणि लगेच, हळू आवाजात, "म्हंजे ही... मी परत नेऊ?"

"मी स्वतः पोचवतो!"

पोचवली. खांदा निखळायची वेळ आली, पण पोचवली. पेटी धाकूबांच्या फोटोखाली आपल्या जागी बसली. हौसाबाईंनी ती पदरानं पुसली. मग पलंगाखालची ट्रंक ओढली, आतले सुके बोंबील चादरीवर ओतले आणि ट्रंक माझ्यापुढे सरकवली.

"घे. हिच्यान मुंगी शिरत नाय."

आभार मानायला मला शब्द सुचेनात. मला! नुसता वाकून नमस्कार केला.

ट्रंक घेऊन निघालो तर मागे मांजरांची मिरवणूक. ती सगळी ग्रंथालयातच राहिली आणि उंदीर परागंदा झाले. जन्मात लसणीला हात न लावलेल्या अण्णांनी झाकण उघडलं, क्षणभर श्वास रोखला आणि ट्रंकेला हात जोडले. "येऊ दे वास," ते म्हणाले. "एवढं मोठं दान आपल्याला कुणी दिलं नाही." खरं सांगतो, मला अजूनही तसंच वाटतं.

हल्ली लांबलांबून अभ्यासक येतात. मान खाली घालून धाकूबांचे कागद चाळत बसतात. मग अचानक वर बघतात. मी सरसावून बसतो, आता एखाद्या दुर्मिळ चालीबद्दल विचारणार!

"अहो," ते हळूच विचारतात, "इथे जवळपास मासे चांगले कुठे मिळतात?"