प्रभुदेसाई बॅगेत शिरतात

प्रभुदेसाई दुकानात झोपतात. म्हणजे दुकानाच्या मधोमध, भर दुपारी, बूट काढून, चष्मा मिटून छातीवर ठेवून. हे मी ऐकीव सांगत नाही. मी शेजारी उभी राहून त्यांचं जाकीट सांभाळलेलं आहे.

ऑफिसात ते माझ्या समोर बसतात. मूळचे सावंतवाडीचे, तोक्योत मुरलेले, पन्नाशीला टेकलेले आणि उंचीला चांगले सहा फूट. ‘प्रभुदेसाई’ हे आडनाव जपानी जिभेला एका दमात पेलत नाही, म्हणून ऑफिसने ते मधेच मोडून ‘प्रभु-सान’ केलं; ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. त्यामुळे आमच्या मीटिंगांत ‘ते प्रभु-सानच्या हातात आहे’, ‘प्रभु-सानची इच्छा असेल तर शुक्रवारी होईल’ अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात आणि आम्हा मराठी माणसांना हसू दाबावं लागतं. खुद्द प्रभुदेसाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. “ज्यांचं काम वेळेत होत नाही, त्यांना कोणाचं तरी नाव घ्यावंच लागतं,” म्हणतात.

कामाला हा माणूस वाघ आहे. पण काही निवडायचं म्हटलं की वाघाची गोगलगाय होते. एक राइस कुकर त्यांनी इतका काळजीपूर्वक निवडला, की निवड होईपर्यंत ते मॉडेल बाजारातून नाहीसं झालं. लग्नाचं कोणी विचारलं तर “निवड चालू होती” एवढंच सांगतात आणि ‘होती’वर जरा थांबतात.

असे हे प्रभुदेसाई एका वसंतात स्लीपिंग बॅग घ्यायच्या मागे लागले. आम्ही चकितच झालो. कारण हा माणूस बागेत चेरीची फुलं बघायला आला तरी गवतावर रुमाल अंथरून, त्याच्यावर वर्तमानपत्र टाकून, मग उभाच राहतो. यांना तंबूत कशाला झोपायचंय? विचारलं तर म्हणाले, “गरज आहे.”

मग दर शनिवारी त्यांची कांद्याला वारी सुरू झाली. कांदा हे तोक्योतलं स्टेशन. तिथून जवळच डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. “जरा कांद्याला जाऊन येतो,” असं ते एकदा म्हणाले, तेव्हा पुण्याहून नुकताच आलेला एकजण “बटाटेही आणाल का?” असं विचारून गेला होता.

त्या वर्षी आमच्या तोक्योतल्या मराठी मंडळाने नोव्हेंबरात फुजीच्या पायथ्याशी, एका तळ्याकाठी, तंबूत राहायचं ठरवलं. मलाही घरच्यांसाठी बॅगा घ्यायच्या होत्या. म्हटलं, अभ्यासू माणसाबरोबर जावं. गेले, आणि जाकीट धरून उभी राहिले.

दुकानातले मोरी-सान नावाचे वयस्क विक्रेते त्यांना ओळखत होते. त्यांनी न सांगताच गालिच्यावर एक बॅग पसरली. प्रभुदेसाईंनी बूट काढले, बॅगेकडे बघून किंचित वाकले, एखाद्याच्या घरात शिरावं तसं “शित्सुरेइ शिमासु”, म्हणजे ‘त्रास देतोय, माफ करा’, म्हणाले आणि आत शिरले.

“आता बाहेर वारा सुटलाय असं समज,” त्यांनी मला सांगितलं.

“समजले.”

“नुसतं समजू नकोस. जरा घाबर.”

मी जमेल तेवढी घाबरले. मग त्यांनी खिशातून लोकरीचे जाड हातमोजे काढून घातले, डोळे मिटले आणि डाव्या कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले. जराशाने ओरडले, “आता मला उठायचंय. घाईची आहे!” आणि मोजे घातलेल्या बोटांनी चेन चाचपायला लागले. चेन सापडली, थोडी सरकली आणि कापडात अडकली. दोन शाळकरी मुली तोंडावर हात धरून बघत उभ्या राहिल्या.

“नापास,” प्रभुदेसाई आतून म्हणाले. “या बॅगेत माणसाची अब्रू राहणार नाही.”

पुढची बॅग खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती होती. तिला ममी म्हणतात. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. “इजिप्तचे राजे असेच झोपले. एकतरी उठला का?” तिसरी होती बदकाच्या पिसांची. ढगासारखी हलकी आणि छान ऊबदार. मला फार आवडली. पण पिसं ओली झाली की ऊब जाते, म्हणून तीही बाद झाली. मी म्हटलं, “ओली कशाला होतील? तंबूत झोपणार ना?”

“तंबूत माणसाच्या श्वासानेच दव धरतं. दमट हवेत पिसं पापडासारखी मऊ पडतात. मी कोकणातला आहे, मला पापड आणि दमट हवा शिकवू नकोस.”

त्यांचं खरं तत्त्वज्ञान मात्र लेबलावर होतं. प्रत्येक बॅगेवर दोन तापमानं लिहिलेली असतात. एक कम्फर्टचं, एक लिमिटचं. दुकानात येणारे बहुतेक जण लिमिटचा आकडा बघून खूश होतात. “लिमिट म्हणजे माणूस कुडकुडत रात्र काढतो, इतकंच,” प्रभुदेसाई म्हणाले. “कम्फर्ट म्हणजे झोप लागते. लोक आख्खं आयुष्य लिमिटवर काढतात गं. एक रात्र तरी कम्फर्टमध्ये जायला नको?”

मला एक गोष्ट खटकत होती. हे सहा फुटी गृहस्थ बॅगा मात्र आखूड काढायला सांगत होते. आत शिरले की छातीपासून वरचा भाग बाहेर. मोरी-साननाही ते खटकत असावं, पण गिऱ्हाइकाला चूक कशी सांगायची? त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि अतिशय अदबीने विचारलं, की वापरणाऱ्या व्यक्तीची उंची साधारण किती असेल?

प्रभुदेसाई बॅगेतून उठून उभे राहिले आणि त्यांनी हाताने हवेत माझ्या खांद्याच्याही खाली एक रेघ ओढली.

“कोण आहे?” मी विचारलं.

“आई येतेय,” ते म्हणाले. “ती डाव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपते. बोटं आखडली आहेत, बारीक चेन धरता येत नाही. रात्री उठावं लागतं. आणि थंडी म्हणशील तर सावंतवाडीत पंखा दोनवर केला की शाल शोधते.”

झालं होतं असं. त्यांनी कधीतरी आईला फुजीचा एक फोटो पाठवला होता. पुढे तळं, काठावर तंबू. आई फोनवर म्हणाली होती, “असा एकदा तंबूत निजून बघूक व्हया.”

“अहो, त्या सहज बोलल्या असतील,” मी म्हटलं.

“आई स्वतःसाठी काही मागते ना, तेव्हा सहजच मागते.”

मग मी जाकीट खाली ठेवलं, हातमोजे घातले आणि पुढच्या तीन बॅगांत स्वतः शिरले. उंचीने मीच जवळची होते. शेवटी एक सापडली. विटकरी रंगाची, रजईसारखी चौकोनी, आत गुडघे दुमडायला ऐसपैस जागा. चेनीला प्रभुदेसाईंनी जाड दोरीचं कडं बांधून बघितलं. मी मोजे घालून ओढलं. सर्रकन उघडली. पुन्हा ओढली, पुन्हा उघडली.

“पास!” प्रभुदेसाई इतक्या मोठ्याने ओरडले, की वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून बघितलं. मोरी-साननी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची निवड वेळेत पूर्ण झाली होती.

पण मंडळाचे अध्यक्ष साठे तोक्योतल्याच हिगाशी-कसाई भागातल्या बागेत भेटले तेव्हा ऐकेनात. “नोव्हेंबर आहे, प्रभुदेसाई. रात्री पाणी गोठतं तिथे. या वयाच्या बाईंना तंबूत? सरळ केबिन घ्या. काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी.”

“आणि तुमचा अनुभव काय? किती वेळा तंबूत झोपलात?”

“दुकानात पुष्कळ वेळा.”

सगळे हसले. प्रभुदेसाई हसले नाहीत.

आई आल्या. काडीएवढ्या, सुती साडी, पायांत लोकरी मोजे, डोक्याला माकडटोपी. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आवाजात हुकूम कायमचा बसलेला. तळ्याकाठी पोचून अर्धा तास झाला नव्हता, तर साठ्यांचा खोकला ऐकून त्यांनी त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला उभं केलं. अध्यक्ष मुकाट्याने गुळण्या करत होते.

ऊन उतरताच प्रभुदेसाई कामाला लागले. तंबूत खाली जाड गादी, वर बॅग, बॅगेच्या पायथ्याशी गरम पाण्याची पिशवी. आईंना कोरडे मोजे, आणि निजण्याआधी एक तुपातला लाडू. “पोटात सरपण हवं,” म्हणाले. आई आत शिरल्या, कुशीवर वळल्या, गुडघे पोटाशी घेतले. प्रभुदेसाईंनी कडं त्यांच्या बोटात अडकवून दिलं. “ओढून बघ.” त्यांनी ओढलं. “सोड आता, जा,” आई म्हणाल्या. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

आम्हा बाकीच्यांना त्या रात्री लिमिट म्हणजे काय ते कळलं. माझ्या नवऱ्याने स्वतःची बॅग रंग बघून घेतली होती. त्या रंगाची ऊब काही येईना. साठे तर उठून गाडीत जाऊन बसले.

सकाळी तंबूंवर पांढरं दहिवर साचलं होतं. भांड्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ. समोर फुजी गुलाबी झाला होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळं मंडळ चहाचे कप हातात धरून आईंच्या तंबूभोवती गोळा झालं होतं. हाक मारायचं धाडस कोणालाच होत नव्हतं. प्रभुदेसाई शेजारी उभे होते. अंगात जवळचे होते नव्हते ते सगळे कपडे, ओठ निळे. मला वाटलं, काळजीने.

आतून आवाज आला. सर्र. एका ओढीत.

तंबूचं दार उघडलं आणि आई बाहेर आल्या. माकडटोपी काढून हातात धरलेली, शाल दंडावर टाकलेली, कपाळावर चक्क घाम.

“माका उकडता रे झिला!” त्या म्हणाल्या.

जी आरोळी उठली, ती तळ्याच्या पलीकडे पोचली असेल. शेजारच्या तंबूतलं एक वयस्क जपानी जोडपं काय झालं म्हणून बघायला आलं. सांगितल्यावर त्यांनीही “सुगोइ, सुगोइ”, कमाल आहे, म्हणत आईंना वाकून नमस्कार केला. साठे पुढे झाले. “आई, खरंच थंडी वाजली नाही?”

“कसली थंडी? शेवटी मोजे काढून टाकले मी. तुमचा घसा कसा आहे?”

प्रभुदेसाईंनी दोन्ही हात आकाशात उंचावले. “कम्फर्ट, साठे! कम्फर्ट!” असं ओरडत त्यांनी तंबूला प्रदक्षिणा घातली. सहा फुटी माणूस, चार स्वेटर घालून, दहिवरावरून दोनदा घसरत. साठ्यांनी त्यांना मिठीच मारली. आईंना खुर्चीवर बसवून त्यांच्याबरोबर सगळ्यांनी फोटो काढून घेतले, जपानी जोडप्यानेही.

पोहे झाले, तेव्हा लक्षात आलं की प्रभुदेसाई दिसत नाहीत. मी तंबूत डोकावले. ते आईंच्या बॅगेत होते. कमरेपासून वरचं अंग बाहेर, तोंड उघडं, गाढ झोप. शेजारी त्यांच्या तंबूतून आणलेली, रात्री त्यांनी पांघरलेली वस्तू पडली होती. घरची एक पातळ, उन्हाळी दुलई. स्वतःसाठी बॅग निवडायचं राहूनच गेलं होतं.

जागा रिकामी करायची वेळ झाली, तसे साठे हाक मारायला आले. आईंनी घडीची खुर्ची उचलली आणि नेमकी तंबूच्या दारात मांडली.

“निजांदे तेका,” त्या म्हणाल्या.

साठे थांबले. आई माझ्याकडे वळल्या. “बरीच वर्षं मी रात्रपाळी केली गो. याचे वडील नव्हते, मग हा शेजारच्या मास्तरांकडे निजायचा. सकाळी मी घरी येईपर्यंत आंघोळ करून, दप्तर घेऊन दारात उभा. मी आत शिरायची, हा बाहेर पडायचा. कधी तक्रार नाही केली.” त्यांनी दंडावरची शाल काढून झोपलेल्या लेकाच्या खांद्यांवर घातली. “झोपेत कसा दिसतो, ते मला ठाऊकच नव्हतं.”

साठे पाय न वाजवता निघून गेले, कॅम्पवाल्यांकडे आणखी थोडा वेळ मागायला.

फुजी आता लख्ख उजळला होता. मंडळी काठावर रांगेने उभी राहून फोटो काढत होती. आईंनी त्याच्याकडे पाठ केली, खुर्ची जरा आत सरकवली आणि तंबूत बघत बसून राहिल्या.