पुसलेली पाने

पारबताबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने पेरूच्या झाडाची पाने पुसत असत. सगळी नव्हे, स्वतःच्या खांद्याच्या उंचीपर्यंतचीच. त्याच्या वर चार वर्षांचे मूल बघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हे झाड नागपूरहून कोराडीला जाणाऱ्या वाटेवर एका बालवाडीच्या अंगणात होते आणि पारबताबाई तिथल्या एकमेव शिक्षिका. मी विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच मूल्यमापनाच्या नोकरीत शिरले होते. माझ्याजवळ वीस प्रश्नांचा छापील तक्ता असे. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकटी, बरोबर आणि चूक. लागोपाठ दोन वर्षे निकाल वाईट लागला की बालवाडी बंद, असा नियम होता.

पहिल्या वर्षी मी विचारले, "गाईला पाय किती?" इतर बालवाड्यांतली मुले एका सुरात 'चार' म्हणत. इथला एक मुलगा उठला, अंगणात डोकावून आला आणि म्हणाला, "एकबी नाही." गाय बसली होती. "पाने कोणत्या रंगाची?" या प्रश्नालाही सगळा वर्ग दाराशी धावला. "राखेवानी!" त्या भागात वीजकेंद्राची राख वाऱ्याबरोबर येऊन साऱ्यावर बसे. मी 'चूक'च्या चौकटीत एकामागून एक फुल्या मारल्या.

दोष मुलांचा नव्हता. "पाहून सांग गा, पाठ केलेलं सांगू नोको," हे पारबताबाईंचे पालुपद होते. कावळ्याचा आवाज शिकवायचा, तर कावळा ओरडेपर्यंत त्या वर्गाला अंगणात बसवून ठेवीत. एकदा तो फिरकलाच नाही, तेव्हा त्यांनी कावळा दुसऱ्या दिवसावर ढकलला.

"'पाने हिरवी' एवढे पाठ करून घ्या," मी सुचवले. "दहा मिनिटांचे काम आहे."

"डोयानं राख दिसून राहिली, अन् तोंडानं हिरवं म्हनाचं? काहून?"

"तक्त्यात तेच उत्तर आहे."

"मंग तक्त्याले आना न जरा बाहेर, म्याडम. पाहू द्या त्याले बी!"

निरीक्षणाच्या बळावर पदवी मिळवलेली मी त्यांना घोकंपट्टीचा सल्ला देत होते. हे मला फार उशिरा कळले. त्यांनी मुलांना पढवले नाहीच. त्यांनी झाड पुसायला घेतले.

दुसऱ्या वर्षी मी पोचले त्या सकाळी वारा नेमका अंगणाकडे फिरला होता. पारबताबाई पदर खोचून पुसत होत्या. एक फांदी आटोपून दुसरीकडे वळेपर्यंत पहिली पुन्हा करडी होई.

"पाच मिन्टं थांबा, म्याडम. होऊनच राहिलं."

मी बराच वेळ थांबले. मग मनी नावाच्या मुलीला पानांच्या रंगाचा प्रश्न विचारला. तिने झाडाकडे पाहिले, नंतर बाईंच्या चेहऱ्याकडे. त्या चेहऱ्यावर बरोबर उत्तर स्पष्ट लिहिलेले होते. पारबताबाईंनी मान फिरवली.

"पाहून सांग वं," त्या म्हणाल्या.

"राखेवानी."

मी फुली मारली आणि समासात लिहिले, 'मुलांचे निरीक्षण अचूक आहे.' समासाला गुण नसतात. बालवाडी बंद झाली. माझा अहवाल नेटका ठरला आणि मला बढती मिळाली.

काही महिन्यांनी त्या वाटेने जाताना मी मुद्दाम बसमधून उतरले. बालवाडीच्या दाराला कुलूप होते. पेरूपाशी बादली ठेवून पारबताबाई पाने पुसत होत्या.

"आता कोणासाठी?" मी विचारले.

त्यांनी हातातले पान उलटून मागची बाजूही पुसली. "पोरं जातात न इथून मोठ्या शायेत. थांबत नाही आता कोनी. पन जाता जाता पाहिलं असन, अन् तिकडं कोनी इचारलं, त..."

फडके पिळून त्या पुन्हा पहिल्या पानाकडे वळल्या.