उमरेडचा समुद्र

नागपूरच्या जीवाश्म ओळख कचेरीच्या दप्तरानुसार, सन १९११ पासून उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात समुद्र आहे. तो तिथे कसा आला याची हकीकत कागदोपत्री उपलब्ध आहे.

जागेश्वर कोष्टी लुगडी विणत असे आणि वाटेत दिसेल तो चमत्कारिक दगड डब्यात जमवत असे. नव्या मागासाठी, पाय सोडायला लागतो तो खड्डा घरात खणताना त्याला बोटाच्या पेराएवढे पाच शंख सापडले, दगड होऊन बसलेले.

"अवो, ह्या तं तळ्यातल्या गोगलगायी हायेत," बायको भागीरथा म्हणाली. "धुणं धुताना रोज पायाले लागतात."

पण शौकीन माणसाला घरचं उत्तर पुरत नाही. जागेश्वरने शंख फडक्यात बांधले आणि त्यांचं नाव विचारायला नागपूर गाठलं. इथेच त्याचं चुकलं.

हेडक्लार्क मधुकररावांनी शंखांकडे पाहिलं नाही. पाहणं हे तज्ज्ञाचं काम, आणि तज्ज्ञाची जागा सात वर्षं रिकामी होती. त्यांनी छापील नमुना काढला. त्यात शंखांसाठी एकच रकाना होता, समुद्री. तळ्यासाठी रकाना नव्हता, सबब शंख समुद्री ठरले. पुढे विचारलं होतं, सापडल्या जागेपासून समुद्र किती लांब. जागेश्वर म्हणाला, आपण समुद्र पाहिलेला नाही. मधुकररावांनीही पाहिला नव्हता. पण शंख काही चालत आलेले नसणार, म्हणून त्यांनी शून्य लिहिलं.

शून्य लिहिल्यावर जागेश्वरचं घर समुद्रात गेलं. पटवाऱ्याकडे विचारणा झाली. त्याने कळवलं की मौक्यावर सध्या पाणी नाही. 'सध्या' या शब्दाखाली कचेरीने लाल रेघ ओढली. उद्या भरती आली आणि इसम बुडाला तर जबाबदार कोण? शंखांची ओळख पटेपर्यंत खड्ड्यात उतरण्यास मनाई झाली. चपराशी येऊन खड्ड्याभोवती दोर बांधून गेला.

खड्ड्यावाचून माग चालत नाही, आणि जुना माग जागेश्वरने मोडून टाकला होता. तीन महिने घरात धोटा हलला नाही. भागीरथा लोकांच्या घरी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. जागेश्वर पुन्हा कचेरीत आला.

"साहेब, शंखाचं नाव राहू द्या. मले फक्त खड्ड्यात बसू द्या."

"तू खड्ड्यात बसलास की तिथे समुद्र नाही असं होतं," मधुकरराव शांतपणे म्हणाले. "सरकारी कागद खोटा पाडतोस काय?"

अखेर शंख कलकत्त्याला गेले. तिथल्या तज्ज्ञाने एका ओळीत कळवलं: तळ्यातल्या गोगलगायी, अतिप्राचीन, समुद्राशी संबंध नाही. मधुकररावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेरा मारला: अभिप्राय नमुन्यात बसत नाही, सबब दप्तरी दाखल. समुद्र कायम झाला, मनाईही कायम झाली. परत आलेले शंख कचेरीच्या दर्शनी काचकपाटात गेले आणि खाली छापील चिठ्ठी लागली: समुद्री शंख, उमरेड.

जागेश्वर आता नागपुरात हमाली करतो. त्याच्यासारखी लुगड्याची किनार उमरेडात कुणाला काढता येत नव्हती, हे कोणत्याही नमुन्यात लिहिलेलं नाही. सवड मिळाली की तो त्या कपाटापाशी येऊन उभा राहतो. एकदा एक शिकलेले गृहस्थ मुलाबाळांना ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवत होते. त्याला राहवलं नाही.

"मालक, ह्या तळ्यातल्या गोगलगायी हायेत. माह्याच घरात निघाल्या."

गृहस्थांनी आधी त्याचे अनवाणी पाय पाहिले, मग चिठ्ठी पाहिली.

"हे छापलेलं आहे," ते म्हणाले, आणि मुलांना बाजूला घेऊन त्यांनी भेटवहीत लिहिलं: अत्यंत माहितीपूर्ण.

त्या वहीत पहिल्या पानापासून हाच अभिप्राय आहे, वेगवेगळ्या अक्षरांत. वही कुणालाही चाळायला मिळते. आपलं अक्षर सापडतं का, बघून या.